सांगणे हाही उपचार

रोग्याला त्याच्या रोगाविषयी काय सांगावे आणि कसे सांगावे, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नव्हे. मुंबईच्या गिरणीकामगारांनी तो एकदा मोठ्या संतापाने विचारला होता.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. रोग्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेऊ लागले. पण कशासाठी नेतात, तेथे काय करतात, हे घरच्यांना उमजेल अशा बोलीत कोणी सांगेना. आत गेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता मग चाळीचाळींतून पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जेथे खुलासा नाही तेथे वदंता नांदणारच. दोष ऐकणाराचा की न सांगणाराचा? १८९७ साली पुण्यात तर घरझडतीला गोरे सोजीर आले, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत हाफकिन यांनी मात्र आपली लस आधी स्वतःस टोचून घेतली होती. विश्वास असा कमवावा लागतो.

आपल्या शेजारच्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे मर्म पुरते ओळखले होते. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तन. त्यात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. समजले की नाही, ते तेथल्या तेथे कळे.

येथल्या एका जिनातल्या हमालाने क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांनी सोडल्या. विचारले तर म्हणाला, “खोकला थांबला नं भाऊ, मंग गोया कायले?” सहा महिने कशासाठी, हे चिठ्ठीवर नव्हते आणि कोणी तोंडीही सांगितले नव्हते. रोग उलटला. ती चिठ्ठी आम्हीच त्याला वाचून दाखवली होती; समजले का, असे आम्हीही विचारले नव्हते.

१६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निर्वाळा दिला, की उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे सांगितल्यावाचून मिळालेली संमती खरी नव्हे. हे योग्यच झाले. पण कायदा काही रोग्याच्या खाटेशी येऊन बसत नाही. तेथे माणसानेच बसावे, विचारावे, “घरी गेल्यावर काय सांगाल?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.