शब्द एक, अर्थ अनेक : लाइन

तिकिटासाठी 'लाइन' लागते, लोणावळ्याची लोकल अप 'लाइन'वरून येते, कारखान्यात पाळी सुरू होताच असेंब्ली 'लाइन' हलू लागते आणि सायंकाळी घरी परतावे, तर 'लाइन' गेलेली असते! दापोडीतील नोकरदाराच्या एका दिवसात हा छोटासा इंग्रजी शब्द असा चार वेषांत भेटतो. त्याचे मूळ आणि विस्तार पाहण्याजोगे आहेत.

मूळ : लॅटिन भाषेत 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याची दोरी ती 'लिनिया'. इंग्रजीतील 'लाइन', 'लिनन' आणि 'लिनसीड' हे शब्द याच कुळातील होत. ताणलेली दोरी सरळ असते. म्हणून लाइन म्हणजे सरळ रेघ, आणि त्यातून ओळ, रांग, मार्ग असे अर्थ फुटत गेले. संस्कृतातील 'सूत्र' शब्दाचा प्रवासही असाच आहे. मूळ अर्थ धागा, पुढे तो नियमवाचक झाला. आपल्याकडील गवंडी 'लाइनदोरी' लावतात, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती द्विरुक्तीच ठरते.

रांग आणि मार्ग : रांगेला ब्रिटिश 'क्यू' म्हणतात, अमेरिकन 'लाइन'. मराठीने मात्र दोन्ही शब्द सामावून घेतले. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८मध्ये सुरू झाला. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी ती अप लाइन आणि मुंबईकडून येणारी ती डाउन लाइन. दापोडीत २०२३मध्ये मेट्रो आली, तेव्हा तिच्या लाइनसाठी 'मार्गिका' हा शब्द रूढ झाला. लष्करी छावणीतील बराकींच्या रांगांनाही 'लाइन्स' म्हणतात. आपल्या 'पोलिस लाइन'चे मूळ हेच.

अस्तर : कोटाच्या आतील 'लाइनिंग'चा संबंध रेघेशी नसून लिननच्या कापडाशी आहे. पूर्वी अस्तरासाठी ते वापरत. पुढे आतून लावलेल्या कोणत्याही थराला हा शब्द लागू झाला. दापोडीच्या एस. टी. मध्यवर्ती कार्यशाळेत काम करणाऱ्यांच्या परिचयाचे ब्रेकचे 'लायनिंग' आणि इंजिनाचे 'लायनर' हे त्याच अस्तराचे लोखंडी युगातील वारस म्हणावे लागतील.

वाक्प्रयोग : 'होल्ड द लाइन' म्हणजे फोन ठेवू नका. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे चार ओळी लिहून कळवा. 'रीड बिटवीन द लाइन्स' म्हणजे न लिहिलेला आशय ओळखा. क्रिकेटमधील 'लाइन' ही चेंडूची दिशा. याउलट वीज जाणे या अर्थी 'लाइन गेली' किंवा तरुणांच्या बोलीतील 'लाइन मारणे' ही आपली स्वतःची निर्मिती आहे. इंग्रजी संभाषणात ती जशीच्या तशी वापरल्यास समोरचा गोंधळून जाईल.

अर्थाचा धोका : काही ठिकाणी मात्र हा गोंधळ केवळ गमतीचा राहत नाही. रेल्वेत 'लाइन क्लिअर' म्हणजे पुढच्या स्थानकाने गाडी पाठवण्यास दिलेली अनुमती. लाइनवर आता गाडी येणार! दक्षिणेकडील राज्यांच्या वीज विभागांत 'लाइन क्लिअर' म्हणजे प्रवाह बंद असून दुरुस्तीस परवानगी. लाइनवर आता काहीही येणार नाही. शब्द तेच, अर्थ नेमका उलट. कारखान्यातही 'लाइन बंद आहे' या वाक्याने उत्पादन थांबले आहे असे कळते. वीजप्रवाह तोडला आहे असे त्यावरून ठरत नाही. यंत्रात हात घालणाऱ्याने हा फरक गृहीत धरून चालत नाही.

शब्दकोशात 'लाइन'चे अर्थ कितीही सापडोत, नेमका अर्थ ठरतो तो संदर्भानेच. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'लाइन बंद आहे' असे सांगितले, तर 'कोणती?' एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.