गुलाबी जॅकमागचा इतिहास

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि वर्ग घरातल्या संगणकावर आले. तेव्हापासून काश्मीर ते केरळ, प्रत्येक भाषेत एक प्रश्न रोज विचारला जाऊ लागला : 'माझा आवाज येतोय का?' पुष्कळदा तो येत नसे. माइक बिघडला असे समजून नवा आणला जाई आणि तोही मुकाच राही. या मौनाची कारणे माइकच्या इतिहासात सापडतात. गंमत अशी, की हा माइक जन्माला आला तोच मुळी एका बिघाडाचा शोध घेताना.

१९१६ साली ई. सी. वेंटे यांनी कंडेन्सर मायक्रोफोन घडवला. धातूची एक स्थिर तबकडी, तिच्यासमोर ताणलेला पातळ पडदा आणि दोहोंवर विद्युतप्रभार. ध्वनीमुळे पडदा थरथरला की अंतर बदलते आणि त्यासरशी विभवांतरही. प्रभार टिकवण्यासाठी मात्र बाहेरून सतत मोठे विभवांतर पुरवावे लागे. घरगुती वापराला ही सोय परवडणारी नव्हती.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट श्रवणाच्या प्रयोगांसाठी याच तत्त्वावरचे हेडफोन वापरत होते. त्यांचा आवाज काही काळाने क्षीण होई. विजेचे ध्रुव उलटे जोडले की पूर्ववत होई. या विचित्र वागण्याचा छडा लावताना दिसले, की पुरवठा तोडल्यावरही आवाज येतोच आहे. प्लॅस्टिकच्या पडद्याने प्रभार स्वतःत साठवून ठेवला होता. असा प्रभार धरणाऱ्या पदार्थाला 'इलेक्ट्रेट' हे नाव ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी एकोणिसाव्या शतकातच दिले होते आणि जपानमध्ये मोतोतारो एगुची यांनी मेणापासून इलेक्ट्रेट बनवलेही होते. वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ मध्ये पातळ प्लॅस्टिकचा इलेक्ट्रेट माइक सादर केला. १९६४ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. पुढे टेफ्लॉनच्या पडद्याने प्रभार अनेक वर्षे टिकू लागला. स्वस्त हेडसेट त्यामुळेच शक्य झाले.

तरीही विजेची गरज पूर्णपणे संपली नाही. पडद्याकडून येणारा संकेत इतका दुबळा असतो, की माइकच्या डबीतच एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवावा लागतो आणि त्याला काही व्होल्ट लागतात. हे व्होल्ट संगणकाचा माइकचा जॅक पुरवतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांच्या 'पीसी ९९' मार्गदर्शिकेने त्याला गुलाबी रंग ठरवून दिला. शेजारचा निळा जॅक टेपरेकॉर्डरसारख्या उपकरणांच्या सबळ संकेतांसाठी असतो आणि सहसा वीज देत नाही. माइकची पिन चुकून तिथे गेली, तर तो निकामी वाटतो. उलट, सभागृहातील डायनॅमिक माइकला वीज लागत नाही; पण त्याचा संकेत आणखी दुर्बळ, म्हणून तो गुलाबी जॅकमध्येही पुटपुटतो.

मोबाइल आले आणि ऐकणे व बोलणे चार भागांच्या एकाच पिनेत कोंबले गेले. दुर्दैवाने मांडण्या दोन झाल्या : ओएमटीपी आणि सीटीआयए. माइक आणि ग्राउंड यांच्या जागा दोहोंत अदलाबदल झालेल्या आहेत. एका पद्धतीचा हेडसेट दुसऱ्या पद्धतीच्या यंत्राला जोडला, की माइक गप्प होतो आणि गाण्यातला मधला गळा पोकळ होतो. हेडसेटचे बटण दाबून धरल्यावर गाणे नीट ऐकू आले, तर निदान पक्के समजावे, कारण ते बटण माइक व ग्राउंड यांना जोडते. या सगळ्यावर ॲपला माइकची परवानगी न देणारी संगणकप्रणाली आहेच. पाहावे मात्र तिच्याकडे सर्वांत आधी.

आवाज येतो पण सोबत गुणगुण येते, ही तक्रार वेगळी. भारतातील वीज ५० हर्ट्झची. तीन पिनांच्या सॉकेटमधील अर्थिंग कच्चे असले, की ५० आणि १०० हर्ट्झचा तो सूर ध्वनिमुद्रणात उतरतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा मुद्रण करावे. गुणगुण थांबली, तर माइक बदलण्याऐवजी वायरमनला बोलवावे.