पालथे पात्र : ब्रह्मदेशातील भिक्खुसंघ आणि भारताची परराष्ट्रनीती

बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीपलीकडे गोराई येथे उभा असलेला ग्लोबल विपश्यना पगोडा उपनगरांतील बौद्ध उपासक-उपासिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा आकार रंगूनच्या श्वेडगॉन पगोड्यावरून घेतला आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु गोराईचा पगोडा अद्याप पूर्ण व्हावयाचा असताना, सप्टेंबर २००७ मध्ये, त्या मूळ पगोड्याच्या दारात भिक्खूंवर लाठ्या चालल्या. आणि त्याच आठवड्यात भारत सरकारचे एक मंत्री ब्रह्मदेशात तेलाचे करार करीत होते. याची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही.

त्या भिक्खूंनी हाती घेतलेले साधन विनयपिटकातील होते. चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवीची कथा येते. मेत्तिय व भुम्मजक या भिक्खूंच्या सांगण्यावरून त्याने दब्ब मल्लपुत्त या निर्दोष भिक्खूवर, आपल्या पत्नीला भ्रष्ट केल्याचा खोटा आळ घेतला. तथागतांनी संघाला वड्ढासमोर पात्र पालथे घालण्याची, म्हणजे त्याचे दान न स्वीकारण्याची, अनुज्ञा दिली. यालाच ‘पत्तनिक्कुज्जनकम्म’ म्हणतात. ते कोणत्या उपासकाविरुद्ध करता येते याची आठ कारणे सांगितली आहेत. भिक्खूंच्या लाभात विघ्न आणणे, त्यांना निवासापासून वंचित करण्याची खटपट करणे, त्यांच्यात फूट पाडणे ही त्यांपैकी काही. आनंदांकडून ही वार्ता कळताच वड्ढ मूर्च्छित होऊन पडला. पुढे त्याने अपराध कबूल करून क्षमा मागितली व संघाने पात्र पुन्हा उताणे केले. हे कर्म व्यक्तिगत रुसवा नव्हे. ते संघाच्या विधीने होते आणि विधीनेच मागे घेतले जाते. शिवाय त्यात व्यवहार थांबतो, मैत्री थांबत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे.

ब्रह्मदेशात २७ मे १९९० च्या निवडणुकीत आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने सत्ता सोडली नाही. ८ ऑगस्ट रोजी मंडालेत भिक्खू व विद्यार्थी यांच्यावर गोळीबार झाला आणि त्याच महिन्यात तेथील संघाने लष्करी कुटुंबांसमोर पात्र पालथे घातले. ऑक्टोबरमध्ये सैन्य विहारांत शिरले. २००७ मध्ये इतिहासाची पुनरावृत्ती झाली. १५ ऑगस्टला इंधनाचे भाव वाढले. ५ सप्टेंबरला पकोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. १७ तारखेपर्यंत क्षमायाचना न झाल्याने दुसऱ्या दिवसापासून हजारो भिक्खू पात्रे पालथी धरून, मेत्तसुत्ताचे पठन करीत रस्त्यावर आले. शासनपुरस्कृत संघमहानायक समितीने त्यांना अध्ययन-ध्यानापुरते राहण्यास बजावले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी, भिक्खू हा केवळ स्वतःला पूर्णत्वास नेणारा की समाजसेवक, असा प्रश्न उपस्थित केला आहे. पकोक्कूच्या भिक्खूंनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले, असे माझे मत आहे.

२४ सप्टेंबरला रंगूनमधील मोर्चात सुमारे लाखभर लोक होते. त्याच दिवशी पेट्रोलियममंत्री मुरली देवरा (मुंबईच्या राजकारणातील जुने नाव) यांच्या उपस्थितीत ओएनजीसी विदेशने अराकान किनाऱ्यालगतच्या खोल समुद्रातील तीन क्षेत्रांचे करार केले. २६ तारखेला दडपशाही सुरू झाली. दुसऱ्या दिवशी केंजी नागाई हा जपानी पत्रकार गोळीने ठार झाला, तेव्हा जपानने एक नियोजित अनुदान रद्द केले. भारताचे करार कायम राहिले.

भारत पूर्वीपासून असा वागत नव्हता. १९४९ मध्ये कारेन बंडखोर रंगूनच्या वेशीवर इन्सीनपर्यंत आले असता नेहरू सरकारने ऊ नू यांच्या निर्वाचित सरकारला शस्त्रास्त्रे दिली. १९५० मध्ये राष्ट्रकुलातील देशांनी ६० लाख पौंडांचे कर्ज मंजूर केले. बाबासाहेब तेव्हा विधिमंत्री होते. तेच ऊ नू सत्तेवर असताना डिसेंबर १९५४ मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली ते भदन्त चंद्रमणी महास्थवीर मूळचे अराकानचेच. १९८८ च्या उठावातही भारत लोकशाहीवाद्यांच्या बाजूने उभा राहिला व निर्वासितांना आश्रय दिला. मार्च १९९३ मध्ये परराष्ट्रसचिव जे. एन. दीक्षित रंगूनला गेले, तेथून वळण लागले. ईशान्येतील बंडखोर आणि चीनचा वाढता प्रभाव ही कारणे खोटी नव्हती. विसंगती अशी की, १९९३ सालासाठीचा नेहरू पुरस्कार भारताने स्यू ची यांनाच दिला.

जनतेला मदत करणे आणि राज्यकर्त्यांशी सौदा करणे एकच नव्हे. मे २००८ च्या नर्गिस वादळात पाश्चात्त्य मदत अडवली जात असता भारताच्या ‘राणा’ व ‘कृपाण’ या युद्धनौका मदतसामग्री घेऊन पोहोचल्या. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर मंडालेत भारतीय लष्कराचे रुग्णालय उभे राहिले. ही मेत्ता होय. मात्र संघाचेही सर्वच उज्ज्वल नाही. रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पेरण्यात काही भिक्खू अग्रभागी होते. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. मेत्तसुत्त मुखोद्गत असणाऱ्यांनी ते केले, हे आपण लपवू नये.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. १८ जून रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेधाचा ठराव ११९ मतांनी संमत झाला तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्याआधी, मार्चमध्ये, केंद्राने सीमावर्ती राज्यांना निर्वासितांचा ओघ रोखण्यास कळविले होते. मिझोरम सरकारने ते मानले नाही. तेथील ख्रिस्ती गावांनी, चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने अन्न व निवारा गोळा करून तीस हजारांहून अधिक लोकांना ठेवून घेतले.