डिजिटल मॉडेलरला पॉवर अ‍ॅम्प जोडताना

हेडफोनवर किंवा घरच्या छोट्या मॉनिटरवर भरदार वाटणारा गिटारचा आवाज तालमीच्या खोलीतील मोठ्या कॅबिनेटला जोडला की एकाएकी घोंगडीआडून आल्यासारखा वाटू लागतो, ही तक्रार डिजिटल मॉडेलर वापरणाऱ्या वादकांत सर्रास ऐकू येते. मग यंत्रावर खर्च केलेल्या पैशांबद्दल हळहळ व्यक्त होते आणि ‘डिजिटल ते डिजिटलच’ असा निवाडाही दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते. चूक असते ती मॉडेलर आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या जुळणीत, आणि ती पुष्कळदा एक पैसाही खर्च न करता दुरुस्त होते.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज एकट्या गिटारमध्ये तयार होत नाही. पिकअपमधून निघालेला क्षीण विद्युतसंकेत आधी प्रीअ‍ॅम्पमध्ये जातो. तेथे त्याला रंग आणि धार येते. त्यानंतर पॉवर अ‍ॅम्प त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. स्पीकर, त्याची लाकडी पेटी आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिच्यापुढे ठेवलेला मायक्रोफोन हेही आवाजाला आपापला घाट देतात. मॉडेलर ही सारी साखळी गणिताच्या साह्याने उभी करतो. अमेरिकेतील लाइन सिक्स या कंपनीने १९९६ मध्ये ‘अ‍ॅक्सिस २१२’ हा मॉडेलिंग अ‍ॅम्प बाजारात आणला आणि १९९८ मध्ये तिचाच घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचा लाल ‘पॉड’ घरोघरच्या ध्वनिमुद्रणात शिरला. पुढे जर्मनीतील केम्परने २०११ मध्ये खऱ्या अ‍ॅम्पचे ‘प्रोफाइल’ घेणारे यंत्र मांडले, तर २०१५ मध्ये लाइन सिक्सचेच ‘हेलिक्स’ आले. या यंत्रांतून बाहेर पडणारा संकेत म्हणजे स्टुडिओत मायक्रोफोनने टिपलेला तयार आवाज असतो. तो मिक्सरला किंवा हेडफोनला थेट देण्यासाठीच घडवलेला असतो. मात्र त्यात स्पीकर हलवण्याची ताकद नसते. कॅबिनेटमधून आवाज काढायचा तर मध्ये पॉवर अ‍ॅम्प हवाच.

ही कल्पना नवी नाही. १९८० आणि १९९०च्या दशकांत अनेक वादक रॅकमध्ये प्रीअ‍ॅम्प वेगळा आणि पॉवर अ‍ॅम्प वेगळा ठेवून वाजवत असत. फरक इतकाच, की त्या काळच्या प्रीअ‍ॅम्पला आपण फक्त प्रीअ‍ॅम्प आहोत याची जाणीव होती. आजचा मॉडेलर स्वतःला पूर्ण अ‍ॅम्प, पूर्ण पेटी आणि वर मायक्रोफोनही समजतो. त्यामुळे साखळीतील जे अवयव पुढे प्रत्यक्षात असणार आहेत, ते मॉडेलरमध्ये बंद करणे हे वादकाचे पहिले काम ठरते.

त्यातला सर्वांत मोठा अवयव म्हणजे स्पीकर. गिटारचा बारा इंची स्पीकर घरच्या संगीतयंत्रातील स्पीकरसारखा सर्व सूर समान न्यायाने वाजवत नाही. साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने ओसरतो आणि म्हणूनच करकरीत डिस्टॉर्शन कानाला सुसह्य होते. मॉडेलरमधील कॅबिनेटची नक्कल हेच ओसरणे गणिताने करते. आता ही नक्कल चालू ठेवून संकेत खऱ्या गिटार कॅबिनेटला दिला, तर वरचे सूर दोनदा कापले जातात. आरंभी सांगितलेली घोंगडी ती हीच. गिटार कॅबिनेट वापरायचे असेल, तर मॉडेलरमधील कॅबिनेट बंद करावे. उलट, सर्व सूर सारखे वाजवणारा सपाट प्रतिसादाचा स्पीकर पुढे असेल, तर ते चालूच ठेवावे. तेथे ते बंद केल्यास आवाज मधमाश्यांच्या मोहोळासारखा भणभणतो. बहुतेक चांगल्या मॉडेलरमध्ये ही सोय प्रत्येक बहिर्मार्गासाठी वेगळी असते. त्यामुळे श्रोत्यांकडच्या मिक्सरला कॅबिनेटच्या नकलेसह आणि रंगमंचावरील पॉवर अ‍ॅम्पला तिच्याविना संकेत एकाच वेळी देता येतो. ही जोडणी एकदा नीट लावून ठेवली, की कार्यक्रमागणिक डोके खाजवावे लागत नाही.

कॅबिनेटचा प्रश्न असा सोपा आहे. पॉवर अ‍ॅम्पचा तितका नाही. येथे जाणकारांतही मतभेद होतात, आणि त्याचे कारण स्पीकरच्या स्वभावात आहे. स्पीकरवर ‘८ ओहम’ असे छापलेले असले, तरी विद्युतप्रवाहाला होणारा हा विरोध, म्हणजेच इम्पिडन्स, प्रत्येक सुराला सारखा नसतो. सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास, स्पीकरच्या नैसर्गिक कंपनाशी, तो कित्येक पटींनी उसळतो; मधल्या सुरांत खाली येतो आणि वरच्या सुरांकडे पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प या चढउताराला बळी पडतो. जेथे इम्पिडन्स अधिक, तेथे त्याचा विद्युतदाबही वाढतो. परिणामी खालचे सूर फुगून येतात आणि वरचे चमकतात. फेंडर आणि मार्शलच्या अनेक अ‍ॅम्पमध्ये संकेताचा काही भाग उलट फिरवून हा स्वभाव थोडा आवरलेला असतो. व्हॉक्सच्या ‘एसी ३०’मध्ये तसा लगाम नाही, आणि त्याच्या आवाजातील मोकळेपणाचे एक कारण तेही आहे. ट्रान्झिस्टरचा किंवा आजकालचा हलका ‘क्लास डी’ पॉवर अ‍ॅम्प मात्र सहसा स्पीकरच्या या लहरींकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला दिले तेच तो मोठे करून देतो.

यावरून नियम आपोआप निघतो. पुढे असा तटस्थ ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प असेल, तर मॉडेलरमधील पॉवर अ‍ॅम्पची नक्कल चालू ठेवावी. व्हॉल्व्हमुळे येणारा खालचा फुगवटा आणि वरची चमक ती नक्कलच पुरवते. ती बंद केली तर आवाज कोरडा आणि निर्जीव लागतो. पुढे व्हॉल्व्हचाच पॉवर अ‍ॅम्प असेल, तर नक्कल बंद करून निव्वळ प्रीअ‍ॅम्पचे मॉडेल वापरणे हा शास्त्रशुद्ध मार्ग. अन्यथा फुगवटा दोनदा येतो आणि जाड तारा गुरगुरू लागतात. तरीही काही वादक दोन्ही चालू ठेवून समाधानी असतात. त्यांना चूक म्हणण्याचे कारण नाही. व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प मोठा असेल आणि त्याला फारसा ताण न देता वाजवले, तर त्याची स्वतःची छाप मर्यादित राहते व मॉडेलमधील खालचे सूर थोडे उतरवून काम भागते.

या विचाराचा एक बारकाईने केलेला प्रयोग लाइन सिक्सच्या ‘डीटी ५०’ आणि ‘डीटी २५’ या अ‍ॅम्पमध्ये पाहायला मिळाला. अ‍ॅम्पचे नामांकित रचनाकार राइनहोल्ड बोग्नर यांच्या सहकार्याने २०१०-११च्या सुमारास आलेल्या या अ‍ॅम्पमध्ये खरे व्हॉल्व्ह होते. त्याच कंपनीचा ‘पॉड एचडी ५००’ एका केबलने जोडला, की मॉडेलर फक्त प्रीअ‍ॅम्पचे काम करी आणि निवडलेल्या मॉडेलप्रमाणे अ‍ॅम्पमधील व्हॉल्व्हची कार्यपद्धतीच बदलली जाई. नक्कल कोठे थांबावी आणि खरे यंत्र कोठे सुरू व्हावे, याची हद्द त्यात स्पष्ट आखलेली होती.

दुसरा गोंधळ वॅटच्या आकड्यांचा. ‘अमुक वादक तीस वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर ढोलासमोर सहज ऐकू येतो, मग मला पन्नास वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प अपुरा का?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फेंडर कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या ‘टोन मास्टर’ मालिकेत अप्रत्यक्षपणे दिले. २२ वॅटच्या व्हॉल्व्ह ‘डीलक्स रिव्हर्ब’ची डिजिटल आवृत्ती करताना तिला १०० वॅटचा पॉवर अ‍ॅम्प बसवावा लागला, आणि ८५ वॅटच्या ‘ट्विन रिव्हर्ब’साठी २०० वॅटचा. व्हॉल्व्ह आपल्या क्षमतेच्या पलीकडे ढकलला, तरी हळूहळू आणि गोडीने दबतो. तो ताणच संगीताचा भाग होतो. ट्रान्झिस्टरची क्षमता संपली की आवाज कर्कशपणे तुटतो. म्हणून त्याच्याकडे शिल्लक ताकद भरपूर असावी लागते. अर्थात वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. तीन डेसिबल अधिक संवेदनशील स्पीकर निवडला, तर तेवढाच लाभ पॉवर अ‍ॅम्प न बदलता मिळतो, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते.

वॅटचा आकडा कोणत्या इम्पिडन्सवर मोजला आहे, हेही पाहावे. सीमोर डंकनच्या २०१७ मधील ‘पॉवरस्टेज १७०’ या पायाशी ठेवायच्या पॉवर अ‍ॅम्पचे १७० वॅट ४ ओहमवरचे आहेत. अशा अ‍ॅम्पला ८ ओहमचे कॅबिनेट लावले तर ताकद साधारण निम्मी, १६ ओहमचे लावले तर पाव होते. यंत्राने सांगितलेल्या किमान ओहमपेक्षा कमी भार मात्र कधीही देऊ नये. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की एकूण ४ ओहम होतात, हा हिशेब अनेकांना महागात पडतो. स्पीकरच्या सोसण्याचीही मर्यादा असते. सेलेस्शनचा प्रसिद्ध ‘ग्रीनबॅक’ २५ वॅटचा आहे. त्याच कंपनीचा ‘व्हिंटेज ३०’ नावाला तीस असला तरी ६० वॅट सोसतो. एकाच ग्रीनबॅकवर शंभराहून अधिक वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण सोडणे म्हणजे त्याची कॉइल जाळण्याची तयारी होय.

केबलच्या बाबतीत काटकसर नसावी. गिटारची नेहमीची केबल आणि स्पीकरची केबल दिसायला सारख्या, टोकाचा जॅकही तोच. पण पहिलीतील तार बारीक असते आणि ती स्पीकरला जाणारा प्रवाह वाहून नेण्यासाठी बनवलेली नसते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला स्पीकर न जोडता तो चालू करून वाजवणे हा तर ट्रान्सफॉर्मर गमावण्याचा हमखास मार्ग. परदेशातील नातेवाइकांकडून सामान मागवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या वादकांनी आणखी एक पट्टी तपासावी. अमेरिकेत विकला जाणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बहुधा १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. यंत्राच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तरच ते थेट आपल्या सॉकेटला लावता येते.

वेगळा पॉवर अ‍ॅम्प घेणे शक्य नसेल, तर तालमीच्या खोलीतील अ‍ॅम्पही कामाला येतो. त्याच्या पुढच्या तोंडाला मॉडेलर लावला, की एका प्रीअ‍ॅम्पमागे दुसरा प्रीअ‍ॅम्प अशी रांग लागते आणि आवाज चिखलात रुततो. पण अ‍ॅम्पच्या मागे ‘इफेक्ट्स रिटर्न’ लिहिलेले तोंड असेल, तर तेथे संकेत दिल्यास तो बहुतेक अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पला वळसा घालून थेट पॉवर अ‍ॅम्पकडे जातो. अशा वेळी मॉडेलरचा आवाज आधी अगदी कमी ठेवून मग चढवावा. कारण काही अ‍ॅम्पमध्ये दर्शनी भागातील मास्टर व्हॉल्यूम या तोंडावर परिणाम करत नाही.

उरतो तो कानाचा प्रश्न. कॅबिनेटमधून येणारा आवाज मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजासारखा कधीच लागणार नाही. मायक्रोफोन स्पीकरला चिकटून ऐकतो, वादक मात्र दोन-तीन मीटरवरून, खोलीच्या भिंतींसह ऐकतो. शिवाय मंद आवाजात कानाला खालचे व अतिउंच सूर कमी जाणवतात. म्हणून रात्री घरी, शेजाऱ्यांच्या धाकाने हळू वाजवत तयार केलेले मॉडेल ढोलासमोर मोठे केले, की गडगडते आणि टोचते. कार्यक्रमासाठीची मॉडेले त्याच कॅबिनेटवर, त्याच उंचीच्या आवाजात, शक्यतो सगळा वाद्यवृंद वाजत असताना लावावीत आणि घरची मॉडेले वेगळ्या नावाने जपून ठेवावीत.