शनिवार पेठ ते खोपोली : बोरघाटाची सायकलवाट

पुण्याच्या शनिवार पेठेंतून सायकलीवर निघालेल्या माणसास नदीची खरीखुरी दरी पाहावयाची असेल, तर त्याला साधारण ४० मैल पश्चिमेस जावें लागतें. पेठेच्या कडेनें वाहणारी मुठा येथें पठारावरची संथ नदी झालेली आहे. तिच्या कांठीं कडे नाहींत, घाटाच्या पायऱ्या आहेत. दऱ्या आहेत त्या सह्याद्रीच्या कोंकणाकडील अंगास. ताम्हिणीवरून कुंडलिकेच्या खोऱ्यांत उतरणारी वाट आहे. भोरहून वरंध्याचा घाट उतरून महाडास नेणारीही आहे. भाद्रपद-आश्विनांत या दोन्ही वाटा इतक्या शोभिवंत असतात कीं, केवळ देखाव्याचाच विचार केला तर बोरघाटास कदाचित् तिसरा क्रमांक द्यावा लागेल. तरीही आज बोलावयाचें आहे तें बोरघाटाविषयींच. कारण येथील चढण कोणासाठीं आणि कशी आंखली गेली हें शोधूं लागलें, म्हणजे आपल्या देशांत चाक डोंगरावर कसें चढलें याचा सारा इतिहास हातीं येतो.

शनिवार पेठेचें जुनें नांव मुर्तुजाबाद. १७३० सालीं पहिल्या बाजीरावानें तेथें वाडा बांधावयास घेतला आणि पेठेचें भाग्य पालटलें. वाड्याजवळून १९२३ सालचा नवा पूल ओलांडला, कीं जुन्या मुंबई रस्त्याची दिशा धरतां येते. पुढें खडकी लागते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशवाईचें भवितव्य तेथें ठरलें. दापोडीस मुळा ओलांडावी, आणि मग देहूरोड, तळेगांव, वडगांव, कामशेत, कार्लें, लोणावळें. या सर्व मार्गांत एक मौज आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें १,८४० फूट उंच, आणि लोणावळें सुमारें २,०४०. म्हणजे ४० मैल पाय मारून सायकलस्वार अखेर दोनशेंच फूट वर आलेला असतो! वाटेवरील लहान चढउतार त्याला दमवितात ही गोष्ट निराळी. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्यापाशीं उगम पावते. तिचें पाणी तुळापुरास भीमेला मिळून शेवटीं बंगालच्या उपसागरास जातें. तिच्या उगमापासून थोडें पलीकडे गेलें, कीं जमीन एकाएकीं तुटते. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटावरून खालीं दिसते ती उल्हास नदीची दरी. तिचें पाणी वसईच्या खाडींतून अरबी समुद्रास मिळतें.

या तुटलेल्या कड्यावरून माणूस निदान दोन हजार वर्षें ये-जा करीत आहे. वरच्या बाजूस कार्ल्याचें लेणें, आणि खालीं उल्हासेच्या खोऱ्यांत, राजमाचीच्या पायथ्याशीं, कोंडाण्याचें लेणें. दोहोंचा आरंभ इसवी सनापूर्वींच्या शतकांतला. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. असे दाते आणि असे विहार व्यापारी वाटेवरच सांपडतात. ही जुनी वाट उल्हासेच्या दरींतूनच वर येई, आणि राजमाचीचा किल्ला तिच्यावर नजर ठेवून उभा आहे. शिवाजी महाराजांनीं तो १६५७ सालीं घेतला. परंतु ही वाट चाकाची नव्हती. ती खुरांची वाट होती. पाठीवर गोणी घेतलेला बैल पायरीसारखा खडक सहज चढून जातो. तोच बैल जुंवाला जुंपला, कीं मागें असलेलें चाक त्याला खालीं ओढूं लागतें, आणि अशा वाटेवर त्याचें कांहीं चालत नाहीं.

याचा अनुभव इंग्रजांनीं घेतला. रघुनाथरावांस गादीवर बसविण्यासाठीं त्यांचें सैन्य १७७८ च्या अखेरीस पनवेलीहून घाट चढून आलें. लढणारी माणसें चार हजारांच्या आंतबाहेर, आणि बैल मात्र १९,००० होते असें ग्रँट डफ सांगतो. तोफा वर ओढतां ओढतां आठवडे गेले. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’. तळेगांवास पोंचतांच मराठ्यांनीं गांव जाळून रिकामें केलेलें दिसलें. तेव्हां ज्या तोफा इतक्या कष्टानें वर आणल्या त्या तळ्यांत ढकलून हें सैन्य मागें फिरलें, आणि वडगांवास त्याला तह करावा लागला. दोन वर्षांनीं जनरल गॉडर्ड घाटमाथ्यापर्यंत आला. त्यालाही १७८१ च्या एप्रिलांत मोठी हानि सोसून उतरावें लागलें. मराठ्यांचें शौर्य येथें होतेंच, पण चढणीनेंही आपलें काम चोख बजावलें होतें. आमच्या इतिहासग्रंथांत सेनापतींना पानेंच्या पानें मिळतात. चढणीला क्वचित् एखादी ओळ मिळते.

म्हणून १८०४ सालीं वेलस्लीनें पहिलें लक्ष घातलें तें तोफा जातील अशी वाट करण्याकडे. खरा गाडीरस्ता झाला तो १८३० च्या नोव्हेंबरांत, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत. या रस्त्यानें उल्हासेची दरी सोडली. खंडाळ्याहून तो दक्षिणेकडील सोंडेवर वळला आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत खोपोलीस उतरला. खोपोली ते घाटमाथा ही उंची सुमारें १,८०० फूट. ती एकदम न चढतां वळणें घालून लांबविली, आणि बैलाला गाडी ओढतां यावी इतपत चढ ठेवला. गाडीरस्त्याचे त्या काळचे इंजिनियर साधारण वीसास एक हें प्रमाण चांगलें मानीत. वीस पावलें पुढें जावें तेव्हां एक पाऊल वर जावें. बोरघाटांत कांहीं वळणांवर चढ याहून पुष्कळच तीव्र आहे, हें तेथें उतरून सायकल हातीं धरलेल्या कोणालाही सांगावें लागणार नाहीं. परंतु एकंदर घाट त्याच मापाच्या आसपास बसतो.

उल्हासेच्या दरीला आगगाडीनें पुन्हा गांठलें. १८५६ सालीं काम सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत घाटाचा लोहमार्ग खुला झाला. लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे पंचवीस. सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक. तोही इंजिनाला झेपेना म्हणून एका ठिकाणीं गाडी थांबवून उलट दिशेनें हांकावी लागे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं आल्याबरोबर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें कंत्राट पुरें करून घेतलें. ऐन भरांत या कड्यावर चाळीस हजारांवर मजूर खपत होते. पटकी, ताप आणि सुरुंग यांनीं त्यांतले किती गेले याचा हिशेब सांगणारा एकही दगड दरींत नाहीं.

दगड आहे तो शिंगरोबाचा. घाटांत या नांवाचें लहानसें देऊळ आहे, आणि जातां येतां गाडीवाले तेथें नाणें टाकतात. कथा अशी कीं, इंग्रज इंजिनियरास वाट सांपडेना तेव्हां एका धनगरानें ती दाखविली; बक्षीस म्हणून त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि त्याला गोळी घालण्यांत आली. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाहीं. ज्या घाटांतून शतकानुशतकें तांडे चालले आणि ज्या घाटानें इंग्रजांच्या तोफा दोनदां अडविल्या, तो घाट कोणी नव्यानें दाखविण्याची गरज नव्हती. तथापि ती मला निरर्थकही वाटत नाहीं. डोंगराचें ज्ञान गुराख्याचें आणि नांव साहेबाचें, ही व्यवस्था लोकांच्या नीट ध्यानांत राहिली, एवढें ती सांगते.

आगगाडी सुरू झाल्यावर मोठा माल लोखंडी वाटेनें जाऊं लागला आणि बैलांसाठीं आंखलेल्या रस्त्यावरची वर्दळ कमी झाली. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत सायकल घडत होती. दोन्ही चाकें सारखीं असलेली स्टार्लीची सायकल १८८५ सालची, आणि डनलॉपचें हवा भरलेलें टायर १८८८ सालचें. आपल्याकडे तिला पायगाडी असेंही नांव मिळालें, आणि तें मला अधिक नेमकें वाटतें. माणूस तासन्‌तास देऊं शकेल अशी शक्ति अश्वशक्तीच्या एक दशांशाच्या आसपास असते. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरलें, तर खोपोलीहून घाटमाथा गांठावयास नुसत्या उंचीपोटींच पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागतो. शर्यतींतला तयार गडी याच्या तिप्पट शक्ति लावतो, आणि मुंबई-पुणें सायकल शर्यतींत जो घाट सर्वांच्या आधीं चढतो त्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. पण राजा असो वा सुटी काढून निघालेला कारकून असो, त्याची ही चढण शक्य होते ती बैलाच्या खांद्याचा विचार करून कोणी तरी वळणें घातलीं म्हणून. त्या रस्त्यावर सायकल कोणाच्या मनांतही नव्हती. तिच्यासाठीं मोजमाप मात्र आधींच झालेलें होतें.

फ्रान्समध्यें व्हेर्दों नदीची खोल दरी आहे. तिच्या कड्यावरून विसाव्या शतकांत रस्ता कोरला तो प्रवाशांनीं देखावा पाहावा म्हणून. त्याच देशांतील प्रसिद्ध शर्यत १९१० सालीं पिरेनीजच्या तूर्मालें खिंडीवरून नेली गेली तेव्हां स्वारांना आजच्यासारखी दांत्यांची अदलाबदल करणारी सोय नव्हती. ती त्या शर्यतींत १९३७ पासून मान्य झाली. आमच्या पुण्यास, सायकलींचें शहर म्हणून तें गाजत असतां, बहुतेकांजवळ एकाच दांत्याची जड सायकल असे. तिच्यावरून खंडाळ्यास जाऊन परत येणारे तरुण पेठांतून होते. घाट उतरून पुन्हा चढणारे अर्थातच थोडे.

मोटारीस चढणीची फिकीर नसते, आणि येथून रस्त्याचें माप बदललें. २००२ सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सायकलीस मज्जाव आहे. तो सुरक्षिततेसाठीं आहे आणि योग्यही आहे. अडचण घाटांत येते. तेथें जुना रस्ता आणि नवा मार्ग कांहीं अंतर एकमेकांत मिसळतात. जेथें डोंगर अरुंद तेथें दोघांना पुरेल एवढी जागा नाहीं. दोन हजार वर्षें खूर, जूं आणि पाय यांच्या हिशेबानें चाललेल्या वाटेवर पायांनीं चालणाऱ्या चाकास निर्वेध जागा उरलेली नाहीं, आणि ती ठेवावी असें रस्ता रुंद करतांना कोणास सुचल्याचें दिसत नाहीं. खंडाळ्याजवळचा दगडी कमानींचा जुना पूल, ज्याला मलमाच्या जाहिरातीवरून ‘अमृतांजन पूल’ हें नांव पडलें होतें, तो एप्रिल २०२० मध्यें सुरुंग लावून पाडला. त्याचे खांब वाहतुकीच्या मध्यें येत होते हें खरें. पण पुण्याहून येणाऱ्यास दरी आतां सुरू झाली अशी खूण देणारी ती वास्तु होती, आणि तिची जागा घेणारी एखादी साधी शिळाही पुरेशी झाली असती.

ज्याला ही वाट करावयाची असेल त्यानें पावसाळा उलटल्यावर, उजाडण्यापूर्वीं पेठ सोडावी. दुपारच्या आंत खंडाळ्यास पोंचून, राजमाची पॉइंटावर उल्हासेची दरी नीट पाहून, मगच उतारास लागावें. मागच्या-पुढच्या दोन्ही ब्रेकांच्या रबरी गुटक्या निघण्यापूर्वीं तपासून घ्याव्या. उतरल्यावर खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधलेलें तळें आणि महादेवाचें देऊळ आहे. तेथून जवळच टाटांचें वीजगृह १९१५ पासून चालूं आहे. लोणावळें, वळवण आणि शिरोटा येथील तलावांचें पाणी मोठ्या नळांतून तेथवर कोसळतें, चक्रें फिरवितें आणि पाताळगंगेस मिळतें. सकाळीं ज्या इंद्रायणीच्या कांठाकांठानें सायकलस्वार वर आला, तिच्या खोऱ्यांतून पूर्वेस भीमेकडे जाणारें हें पाणी. बांध घालून तें पश्चिमेस वळविलें, आणि तोच १,८०० फुटांचा कडा तें नळांतून कांहीं क्षणांत उतरून येतें.