डिस्कमध्ये जागा रिकामी, तरी सी ड्राइव्ह लहान का होत नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबवली. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा सी-डॅकची बॉस लिनक्स टाकण्याचा पर्याय अनेकजण पाहतात. विंडोजही ठेवायची असेल, तर सी ड्राइव्ह लहान करून लिनक्ससाठी जागा काढावी लागते. इथेच गाडी अडते. उदाहरणार्थ, ड्राइव्हमध्ये ३०० जीबी रिकामे असतात, पण विंडोज फक्त २० जीबी सोडायला तयार होते.

असे का होते?

पार्टिशन नेहमी शेवटच्या टोकाकडून लहान होते. मोठ्या खोलीत नवी भिंत घालायची तर पलीकडचे सामान आधी अलीकडे आणावे लागते. साध्या फाइली विंडोज स्वतः हलवते. काही फाइली मात्र चालू सिस्टीमच्या वापरात असल्याने हलत नाहीत, जणू भिंतीला ठोकलेले कपाट. असे एकच कपाट टोकाजवळ असले, तरी त्याच्या अलीकडची सगळी मोकळी जागा अडकून पडते.

अडवणाऱ्या फाइली कोणत्या?

• पेज फाइल : रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा.
• हायबरनेशन फाइल : संगणक हायबरनेट करताना मेमरीतला मजकूर इथे साठतो. ‘फास्ट स्टार्टअप’ही हीच फाइल वापरते.
• रिस्टोअर पॉइंट : सिस्टीम मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या प्रती.
• मास्टर फाइल टेबल : ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची नोंदवही.

नेमकी कोणती फाइल आडवी आली, हे विंडोज स्वतःच नोंदवते. पार्टिशन लहान करण्याचा प्रयत्न केल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘ॲप्लिकेशन’ लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधावी. त्यात शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचे नाव मिळते.

उपाय काय?

१. सर्वात आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. लग्नाचे फोटो किंवा प्रबंध एकाच ड्राइव्हवर असतील, तर ही पायरी टाळू नये. बिटलॉकर सुरू असल्यास रिकव्हरी की जवळ ठेवावी.
२. चेक डिस्क चालवून ड्राइव्हमधील दोष दुरुस्त करावेत.
३. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून हायबरनेशन बंद करावे. त्याची फाइल आपोआप पुसली जाते.
४. सिस्टीम प्रोटेक्शन बंद करून रिस्टोअर पॉइंट काढावेत. जुने पॉइंट परत मिळत नाहीत, हे लक्षात असावे.
५. सी ड्राइव्हवरची पेज फाइल तात्पुरती बंद करावी आणि संगणक रीस्टार्ट करावा.
६. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. ५० जीबी हवे असतील तर ५१,२०० लिहावे.

तरीही जागा सुटली नाही तर?

२५९ क्रमांकाच्या नोंदीत पुन्हा पाहावे. मास्टर फाइल टेबल आडवे येत असेल, तर वरील उपाय पुरत नाहीत. अशा वेळी पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून जीपार्टेडसारखे मोफत साधन वापरता येते. तेव्हा विंडोज बंद असल्याने तिच्या फाइली वापरात नसतात आणि हलवता येतात. मात्र त्याआधी विंडोज पूर्ण शट डाऊन केलेली हवी आणि बिटलॉकर काढलेले हवे. काम सुरू असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो, त्यामुळे लॅपटॉप चार्ज करून चार्जरलाच जोडून ठेवावा.

शेवटी काय करायचे?

काम झाल्यावर पेज फाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन पुन्हा सुरू करावे. कमी रॅमच्या संगणकावर पेज फाइल बंदच राहिली, तर प्रोग्रॅम अचानक बंद पडू शकतात. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप मात्र बंदच ठेवलेले बरे, कारण हायबरनेट झालेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिल्यास फाइली बिघडण्याचा धोका असतो.