बर्नाडेट : एका लाडक्या नावाची कथा

फ्रेंच भाषेत नावाच्या शेवटी 'एत' हा प्रत्यय लागला की त्याला लहानपणाचा, लाडाचा स्पर्श होतो. 'बर्नार' या नावापासून 'बर्नाडेट' झाले ते असेच. बर्नार हे मुळात जर्मानिक कुळातील पुरुषी नाव. अस्वल आणि कणखर अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. रणांगणात शोभावे अशा या नावाला मठांत व मंदिरांत प्रतिष्ठा लाभली ती क्लेर्व्होचे संत बर्नार (१०९०-११५३) यांच्यामुळे. पवित्र मरियेवरील त्यांची प्रवचने युरोपभर आदराने वाचली गेली.

७ जानेवारी १८४४ रोजी फ्रान्समधील लूर्द या गावी एका गिरणीवाल्याच्या घरी मुलगी जन्मली. तिची मावशी बर्नार्द हीच बाप्तिस्म्याच्या वेळी तिची धर्ममाता झाली. मुलीचे नाव ठेवले गेले मारी-बर्नार्द. घरी मात्र सारे तिला बर्नाडेट म्हणू लागले. नावात अस्वलाचे बळ, देह मात्र दम्याने आणि पटकीने खंगलेला. पुढे गिरणीही गेली. सुबिरू कुटुंब जुन्या, वापरात नसलेल्या तुरुंगाच्या एका खोलीत राहू लागले.

११ फेब्रुवारी १८५८ पासून या निरक्षर मुलीला गावाजवळच्या गुहेत एका स्त्रीचे अठरा वेळा दर्शन घडले. या घटनेतही नावाला मोठे स्थान आहे. ती कोण हे ठाऊक नसल्याने बर्नाडेट आपल्या बोलीत तिचा उल्लेख नुसता 'ते' असा करी. त्या स्त्रीने मात्र या दरिद्री पोरीला 'आपण' असे आदरार्थी संबोधिले, याचे तिला फार नवल वाटले. पुन्हा पुन्हा विचारल्यावर २५ मार्च रोजी उत्तर मिळाले : आपण निष्कलंक गर्भसंभव आहोत. हा सिद्धान्त पोप नववे पायस यांनी अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८५४ साली घोषित केला होता.

१८६६ साली बर्नाडेट नेव्हेर येथील मठात दाखल झाली. तेथे तिला 'सिस्टर मारी-बर्नार' हे नाव मिळाले आणि लाडाचा प्रत्यय गळून पडला. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती निवर्तली. परंतु भाविकांनी मठातले नाव कधी उच्चारलेच नाही. १९२५ साली ती धन्यवादित ठरली. ८ डिसेंबर १९३३ रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद बहाल केले, आणि वेदीवर विराजमान झाली ती बर्नाडेटच.

यानंतर या नावाला बहर आला. नाझींपासून पळताना १९४० साली लूर्द येथे आसरा लाभलेले ज्यू लेखक फ्रान्झ वेर्फेल यांनी १९४१ मध्ये तिच्यावर कादंबरी प्रसिद्ध केली. १९४३ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्याच दशकात फ्रान्समधील कितीतरी मुलींना हे नाव मिळाले. आयर्लंडपासून आपल्या वसईपर्यंत ते घरोघरी पोहोचले. आज फ्रान्समध्ये नवजात मुलींना ते क्वचितच दिले जाते. आजीच्या पिढीचे नाव अशीच त्याची ओळख उरली आहे.

नावांची आवड ऋतूसारखी बदलते, त्याचा खेद नको. मात्र कोशातील अस्वलाचा अर्थ आज कोणाला आठवत नाही. आठवते ती खंगलेल्या देहाची, पण अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीपुढे शब्द न फिरवणारी चौदा वर्षांची मुलगी. कणखरपणा हा त्या नावाचा जुना अर्थ तिने असा खरा केला.